एडविन लिंक

एडविन अल्बर्ट लिंक (२६ जुलै, १९०४ – ७ सप्टेंबर, १९८१) हे अमेरिकन संशोधक, उद्योजक, वैमानिक आणि सागरी अभियंता होते. जमिनीवर बसून विमान चालवण्याचा सराव देणारे ‘लिंक ट्रेनर’ हे यंत्र त्यांनी १९२७ ते १९२९ या काळात तयार केले. व्यावसायिक यश मिळवणारा हा जगातील पहिला उड्डाण सदृशीकारक, म्हणजेच फ्लाइट सिम्युलेटर, मानला जातो. दुसऱ्या महायुद्धात सुमारे पाच लाख वैमानिकांनी या यंत्रावर प्रशिक्षण घेतले. आयुष्याच्या उत्तरार्धात लिंक समुद्राखालील संशोधनाकडे वळले आणि पाणबुड्यांना खोल पाण्यात राहता व काम करता यावे यासाठी त्यांनी अनेक साधने विकसित केली. आज रेडिओ कंट्रोल विमानाचा ट्रान्समीटर संगणकाला जोडून घरात बसून उड्डाण शिकण्याची जी पद्धत रूढ आहे, तिची मूळ कल्पनाही लिंक यांच्या याच यंत्रापर्यंत जाते.

पूर्वायुष्य

लिंक यांचा जन्म अमेरिकेच्या इंडियाना राज्यातील हंटिंग्टन या गावी झाला. त्यांच्या वडिलांचे नावही एडविन होते. १९१० मध्ये वडिलांनी न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन येथील दिवाळखोरीत निघालेला एक वाद्यनिर्मितीचा कारखाना विकत घेतला आणि कुटुंब तेथे स्थायिक झाले. हा कारखाना पुढे लिंक पियानो अँड ऑर्गन कंपनी म्हणून ओळखला जाऊ लागला. तेथे आपोआप वाजणारे पियानो आणि मूकपटांच्या चित्रपटगृहांत वाजवले जाणारे मोठे ऑर्गन तयार होत असत.

आपोआप वाजणाऱ्या पियानोत छिद्रे पाडलेल्या कागदाची गुंडाळी फिरते. छिद्र समोर आले की हवेला वाट मिळते, एक छोटा भाता मिटतो आणि त्याला जोडलेली पट्टी दाबली जाते. म्हणजे कागदावरची सूचना हवेच्या मार्गाने हालचालीत उतरते. महाराष्ट्रात घरोघरी पेटीचा भाता परिचयाचा आहे. पेटीत भाता हवा ढकलतो, तर या वाद्यांत पंपाने हवा ओढून घेतली जाते, एवढाच मुख्य फरक. शाळेच्या अभ्यासात लिंक यांनी विशेष चमक दाखवली नाही. वडिलांच्या कारखान्यात ऑर्गन जुळवणे आणि दुरुस्त करणे हे काम मात्र ते तरुणपणीच उत्तम शिकले. भाते, झडपा, नळ्या आणि निर्वात पंप यांची ही जाण हेच त्यांचे खरे तांत्रिक शिक्षण होते. त्यांच्या पुढील सर्व शोधांत तिचा ठसा दिसतो.

विमानविद्येची ओढ

१९२० मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, लिंक यांनी कॅलिफोर्नियात विमान चालवण्याचा पहिला धडा घेतला. चित्रपट अभिनेते चार्ली चॅप्लिन यांचे सावत्र बंधू सिडनी चॅप्लिन यांच्या विमानतळावर हा धडा झाला आणि त्यासाठी ५० डॉलर मोजावे लागले. त्या काळी ही रक्कम मोठी होती. प्रशिक्षकाने तासभर विमानाच्या कोलांट्या आणि गिरक्या घेतल्या, परंतु विद्यार्थ्याला विमानाच्या नियंत्रकांना हातही लावू दिला नाही. पैसे गेले आणि शिकणे झालेच नाही, ही खंत लिंक यांच्या मनात राहिली.

प्रशिक्षकांचा हा हात आखडता घेणे निव्वळ आडमुठेपणाचे नव्हते. विमाने नाजूक व महाग होती. शिकाऊ माणसाची एक चूक विमान, विद्यार्थी आणि प्रशिक्षक या तिघांना संपवू शकत असे. परिणामी विद्यार्थ्याला चुकण्याची मुभाच नव्हती, आणि चुकल्याशिवाय हात बसत नाही. लिंक यांनी पुढील काही वर्षांत जमेल तसे धडे घेत उड्डाण आत्मसात केले. १९२७ मध्ये त्यांनी सेसना कंपनीने ग्राहकाला दिलेले पहिले विमान विकत घेतले आणि हवाई कसरती, प्रवासी फेऱ्या, जाहिराती अशा मार्गांनी त्यावर उपजीविका चालवली. रात्री विमानाच्या पंखाखाली दिव्यांची अक्षरे उजळवून जाहिरात करण्याची युक्तीही त्यांचीच होती. ते दिवे ठरावीक क्रमाने लावण्यासाठी त्यांनी आपोआप वाजणाऱ्या पियानोचेच तंत्र वापरले.

लिंक ट्रेनरची निर्मिती

सुमारे दीड वर्ष लिंक यांनी कारखान्याच्या तळघरात आपल्या यंत्रावर काम केले. आखूड पंख आणि शेपटी लावलेले विमानाचे एक ठेंगणे लाकडी धड त्यांनी सर्व दिशांना कलू शकणाऱ्या सांध्यावर बसवले. धडाखाली ऑर्गनचे भाते होते. आत बसलेल्या विद्यार्थ्याने नियंत्रणदांडी पुढे, मागे किंवा बाजूला हलवली की तिला जोडलेल्या झडपा उघडत, विजेवर चालणारा पंप एका भात्यातील हवा ओढून घेई, तो भाता मिटे आणि समोरचा फुगे. त्यामुळे यंत्राचे नाक खरोखर खाली-वर होई किंवा पंख कलत असे. पायाखालच्या पट्ट्यांनी संपूर्ण धड डावी-उजवीकडे वळत असे. त्यासाठी लहान भात्यांच्या संचाने फिरणारी एक हवाई मोटर वापरलेली होती.

या रचनेतील महत्त्वाची गोष्ट दिसायला साधी आहे. हाताने दिलेली सूचना आणि तिला मिळणारा प्रतिसाद या दोहोंमधून लिंक यांनी विमान काढून टाकले आणि त्या जागी विमानाप्रमाणे वागणारी यंत्रणा ठेवली. विद्यार्थ्याचा हात मात्र खऱ्या विमानात जे करतो तेच येथे करत असे. अशा प्रकारची साधने पहिल्या महायुद्धापूर्वीपासून फ्रान्स व इंग्लंडमध्ये करून पाहिली गेली होती. त्यांतील काही माणसांनी हाताने हलवावी लागत. शिकणाऱ्याच्या हालचालीला तत्काळ आणि प्रमाणात उत्तर देणारे, विकत मिळेल असे यंत्र लिंक यांनी दिले.

१४ एप्रिल १९२९ रोजी त्यांनी एकस्वासाठी अर्ज केला आणि सप्टेंबर १९३१ मध्ये ते मिळाले. अर्जात या यंत्राचे वर्णन शिकाऊ वैमानिकांसाठीचे साधन आणि करमणुकीचे उपकरण असे दुहेरी केलेले होते. हा दुहेरीपणा व्यावहारिक ठरला, कारण विमान कंपन्या व लष्कर यांनी सुरुवातीला या यंत्राकडे फारसे लक्ष दिले नाही. पहिली काही यंत्रे मनोरंजन उद्यानांना विकली गेली. तेथे लोक नाणे टाकून विमानात बसल्याची मजा घेत. दरम्यान बोलपटांमुळे चित्रपटगृहांतील ऑर्गनची मागणी घसरली, १९२९ च्या मंदीने उरलासुरला व्यवसायही बसला आणि वडिलांचा कारखाना बंद पडण्याच्या मार्गाला लागला.

१९३० मध्ये लिंक यांनी बंधू जॉर्ज यांच्यासह बिंगहॅम्टन येथे उड्डाणशाळा सुरू केली. बराचसा सराव जमिनीवरील यंत्रात करून घ्यायचा आणि मग थोड्या तासांच्या खऱ्या उड्डाणानंतर विद्यार्थ्याला एकट्याने विमान उडवण्यास सिद्ध करायचे, अशी तिची पद्धत होती. यासाठी ८५ डॉलर शुल्क होते, जे इतरत्र होणाऱ्या खर्चाच्या मानाने बरेच कमी होते. १९३१ मध्ये अमेरिकी नौदलाने एक यंत्र घेतले. त्याच वर्षी लिंक यांचा विवाह वार्ताहर मॅरियन क्लेटन यांच्याशी झाला. कंपनीचे व्यवस्थापन, पत्रव्यवहार आणि पुढे सागरी मोहिमांचे लेखन या सर्व कामांत मॅरियन यांचा वाटा मोठा आहे. लिंक यांच्याविषयी आज जे तपशील उपलब्ध आहेत, त्यांतील बरेचसे त्यांच्याच लेखनामुळे टिकले.

अंध उड्डाण आणि टपालाचे संकट

ढगात किंवा धुक्यात शिरल्यावर वैमानिकाला क्षितिज दिसत नाही. अशा वेळी मनुष्य आपल्या तोलाच्या जाणिवेवर विसंबतो आणि ती जाणीव नेमकी येथेच फसवते. कानाच्या आतील अर्धवर्तुळाकार नलिकांतील द्रव वळणाच्या आरंभी हलतो. वळण एकसारखे चालू राहिले की थोड्या वेळात तो स्थिर होतो, आणि विमान वळत असूनही वैमानिकाला ते सरळ चालल्यासारखे वाटते. विमान खरोखर सरळ केले तर ते उलट बाजूला वळू लागल्याचा भास होतो. मग वैमानिक ते पुन्हा चुकीच्या दिशेला कलवतो, उंची कमी होत जाते आणि शेवट बहुधा जमिनीवर आदळण्यात होतो. यावर उपाय एकच, तो म्हणजे शरीराला काय वाटते याकडे दुर्लक्ष करून उपकरणांच्या काट्यांवर विश्वास ठेवणे. परंतु ही सवय खऱ्या ढगात शिकणे म्हणजे जिवावर उदार होणे होते.

लिंक यांनी आपल्या यंत्रात उपकरणफलक बसवला आणि बैठकीवर अपारदर्शक झाकण लावले. झाकण बंद केले की विद्यार्थी अंधारात, समोर फक्त काटे. बाहेर बसलेला प्रशिक्षक वादळी हेलकावे देऊ शकत असे, दिशादर्शक रेडिओचे संकेत कानावर घालू शकत असे आणि चूक झाली तर झाकण उघडून ती समजावू शकत असे. प्रशिक्षकाच्या मेजावरील नकाशावर तीन चाकांचे एक छोटे यंत्र सरकत जाई. त्याच्या आकारामुळे त्याला खेकडा म्हणत. त्याचे शाईचे चाक विद्यार्थ्याने घेतलेल्या मार्गाची रेघ कागदावर उमटवत असे, त्यामुळे धडा संपल्यावर कोठे चुकले हे डोळ्यांसमोर राही.

फेब्रुवारी १९३४ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी खाजगी विमान कंपन्यांची टपालवाहतुकीची कंत्राटे रद्द करून ते काम लष्कराच्या विमानदलाकडे सोपवले. लष्करी वैमानिकांना रात्री आणि खराब हवेत उपकरणांच्या आधारे उडण्याचा सराव जवळजवळ नव्हता. त्यात तो हिवाळा कडाक्याचा निघाला. काही आठवड्यांतच अपघातांची मालिका घडली आणि सुमारे डझनभर वैमानिक मृत्युमुखी पडले. देशभर टीकेचे मोहोळ उठले. अशातच लिंक यांच्या यंत्राविषयी चर्चा करण्यासाठी लष्करी अधिकारी न्यूअर्क येथे जमले. त्या दिवशी तेथे दाट धुके होते. अशा हवेत कोणी येणार नाही असे समजून अधिकारी परतण्याच्या तयारीत असताना लिंक बिंगहॅम्टनहून स्वतः विमान चालवत, केवळ उपकरणांच्या आधारे, तेथे उतरले. यंत्रावर शिकलेला माणूस काय करू शकतो याचे याहून चांगले प्रात्यक्षिक त्यांना देता आले नसते. त्याच वर्षी लष्कराने प्रत्येकी ३,५०० डॉलर दराने सहा यंत्रे विकत घेतली.

दुसरे महायुद्ध

१९३५ मध्ये लिंक एव्हिएशन डिव्हायसेस ही कंपनी स्थापन झाली. ब्रिटन, सोव्हिएत संघ आणि जपान यांसह अनेक देशांनी युद्धापूर्वीच ही यंत्रे घेतली होती. पुढे परस्परांविरुद्ध लढलेल्या वैमानिकांपैकी कित्येकांनी प्राथमिक धडे एकाच कारखान्यातील यंत्रांवर गिरवले, ही या इतिहासातील एक विलक्षण बाब आहे. कॅनडातील गॅननॉक्वे येथेही कारखाना उघडण्यात आला. युद्धकाळात दहा हजारांहून अधिक यंत्रे तयार झाली. निळे धड आणि पिवळे पंख अशा रंगसंगतीमुळे ती निळी पेटी या नावाने ओळखली जात. भारतातही वायुदलाच्या प्रशिक्षणात आणि फ्लाइंग क्लबांत लिंक ट्रेनर वापरला गेला. जुन्या पिढीतील अनेक वैमानिकांना सिम्युलेटर या शब्दाऐवजी लिंक हाच शब्द अधिक परिचयाचा होता.

ब्रिटनच्या गरजेतून लिंक यांनी नौकानयन व हवाई दिशाशास्त्राचे तज्ज्ञ फिलिप व्हॅन हॉर्न वीम्स यांच्या साहाय्याने ताऱ्यांवरून मार्ग काढण्याचा सराव देणारी आणखी मोठी यंत्रणा उभारली. अटलांटिक महासागर ओलांडून बाँबफेकी विमाने नेणाऱ्या दिशादर्शकांना रात्रीच्या आकाशावरूनच आपले स्थान ओळखावे लागे. धान्याच्या कोठारासारख्या सुमारे ४५ फूट उंच इमारतीत हे यंत्र बसवले जात असे. वर दिव्यांचे तारे असलेला घुमट आणि खाली विमानातील कर्मचाऱ्यांची जागा अशी तिची रचना होती. वेळ आणि स्थान बदलेल त्याप्रमाणे ताऱ्यांचा घुमटही सरकत असे. या कार्याबद्दल फिलाडेल्फिया येथील फ्रँकलिन इन्स्टिट्यूटने १९४५ मध्ये लिंक यांना हॉवर्ड पॉट्स पदक दिले.

युद्धानंतर जेट विमानांसाठी भात्यांच्या जागी इलेक्ट्रॉनिक गणकयंत्रांवर आधारलेले सिम्युलेटर तयार होऊ लागले. १९५४ मध्ये कंपनी जनरल प्रिसिजन या मोठ्या उद्योगात विलीन झाली. अपोलो मोहिमांतील अंतराळवीरांनी ज्या सिम्युलेटरांत चंद्रप्रवासाचा सराव केला, तेही याच कंपनीच्या परंपरेतील होते. लिंक स्वतः मात्र तोपर्यंत व्यवसायातून हळूहळू दूर होत होते. १९५३ मध्ये त्यांनी व मॅरियन यांनी संशोधनाला व शिक्षणाला साहाय्य करण्यासाठी लिंक फाउंडेशनची स्थापना केली.

समुद्राखालील संशोधन

फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावर नौकाविहार करताना बुडालेल्या जुन्या जहाजांनी लिंक दाम्पत्याला आकर्षित केले. छंद म्हणून सुरू झालेले हे काम लवकरच शिस्तबद्ध सागरी पुरातत्त्वात बदलले. त्यासाठी त्यांनी सी डायव्हर नावाची खास नौका बांधून घेतली. १९५९ मध्ये जमैकातील पोर्ट रॉयल या, ७ जून १६९२ रोजी भूकंपात समुद्रात गडप झालेल्या नगरात त्यांनी मोहीम नेली. तेथे सापडलेल्या एका खिशातील घड्याळाचे काटे झिजून गेले होते, परंतु क्ष-किरण तपासणीत त्यांच्या खुणा सुमारे ११ वाजून ४३ मिनिटांवर थांबलेल्या आढळल्या. १९६० मध्ये इस्राएलमधील सीझरिया या प्राचीन बंदराचेही त्यांनी सर्वेक्षण केले.

पाणबुड्याला खोल पाण्यात फार थोडा वेळ थांबता येते आणि वर येताना शरीरातील विरघळलेले वायू बाहेर पडू देण्यासाठी दीर्घ काळ टप्प्याटप्प्याने थांबावे लागते. या अडचणीवर लिंक यांनी ॲल्युमिनियमचे एक दंडगोलाकार पात्र तयार केले. माणूस त्यात बसून खाली जाई, तळाशी त्यातून बाहेर पडून काम करी आणि परतल्यावर त्याच पात्रात दाब सावकाश कमी केला जाई. ऑगस्ट १९६२ मध्ये फ्रान्समधील व्हिलफ्रांश येथे ५८ वर्षांच्या लिंक यांनी स्वतः त्यात ६० फूट खोलीवर आठ तास काढून चाचणी घेतली. पुढील महिन्यात बेल्जियन पाणबुडे रोबेर स्तेनुई २०० फुटांवर २४ तासांहून अधिक काळ राहिले. जून-जुलै १९६४ मध्ये बहामा बेटांजवळ स्तेनुई आणि जॉन लिंडबर्ग यांनी लिंक यांनी रचलेल्या फुगवता येणाऱ्या रबरी निवासात ४३२ फूट खोलीवर ४९ तास घालवले. जॉन हे अटलांटिक एकट्याने पार करणारे वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग यांचे पुत्र होत.

यानंतर लिंक यांनी पाणबुड्याला थेट समुद्रतळावर उतरवता येईल अशा लहान पाणबुड्या नौकांवर लक्ष केंद्रित केले. उद्योगपती सिवर्ड जॉन्सन यांच्या साहाय्याने फ्लॉरिडातील हार्बर ब्रँच येथे जॉन्सन सी लिंक ही नौका १९७१ मध्ये कार्यान्वित झाली. तिचा पुढचा भाग पारदर्शक ॲक्रिलिकचा गोल होता, तर मागचा कक्ष ॲल्युमिनियमचा होता.

१९७३ ची दुर्घटना

१७ जून १९७३ रोजी की वेस्टजवळ, कृत्रिम प्रवाळभित्ती म्हणून बुडवलेल्या फ्रेड टी. बेरी या युद्धनौकेच्या अवशेषांची पाहणी करताना जॉन्सन सी लिंक तारांच्या गुंत्यात अडकली. खोली सुमारे ३६० फूट होती. नौकेत चौघे होते. मागच्या कक्षात लिंक यांचे ३१ वर्षांचे पुत्र एडविन क्लेटन आणि अनुभवी पाणबुडे अल्बर्ट स्टोव्हर होते. ॲल्युमिनियममधून उष्णता झपाट्याने निघून जाते. त्यामुळे मागचा कक्ष समुद्राच्या पाण्याइतका थंड पडला आणि श्वासातील कार्बन डायऑक्साइड शोषून घेणारे रसायन त्या थंडीत नीट काम करेनासे झाले. ॲक्रिलिकच्या गोलातील हवा तुलनेने उबदार राहिली. नौदलाच्या पाणबुड्यांनी केलेले प्रयत्न प्रवाहामुळे व अडथळ्यांमुळे निष्फळ ठरले. एक दिवसाहून अधिक काळ लोटल्यावर दूरदर्शन कॅमेरा आणि आकडा खाली सोडून नौका सोडवण्यात आली. पुढचे दोघे वाचले, मागच्या कक्षातील दोघांचा मृत्यू झाला.

लिंक यांनी या घटनेनंतर काम सोडले नाही. त्यांनी पुढील दोन वर्षे एका मनुष्यरहित बचावयंत्राच्या विकासाला वाहिली. केबलने मुख्य नौकेला जोडलेले हे यंत्र कॅमेरा, दिवे, पकडणारे पंजे आणि दोरखंड कापणारी साधने घेऊन खाली जात असे, तर चालक वर नौकेत पडद्यासमोर बसून ते चालवत असे. मनुष्याचे हात पृष्ठभागावर सुरक्षित राहावेत आणि हालचाल मात्र खाली व्हावी, अशी ही योजना होती. लिंक यांच्या पहिल्या यंत्राची कल्पनाच येथे उलट बाजूने वापरलेली दिसते. ट्रेनरमध्ये हात खरे आणि विमान नकली होते. बचावयंत्रात दोन्ही खरे होते, पण त्यांच्यातील अंतर वाढवले होते. जॉन्सन सी लिंक मालिकेतील नौका पुढेही दीर्घकाळ वापरात राहिल्या आणि १९८६ मध्ये चॅलेंजर अवकाशयानाच्या अवशेषांच्या शोधात त्यांचा उपयोग झाला.

निधन आणि सन्मान

७ सप्टेंबर १९८१ रोजी बिंगहॅम्टन येथे लिंक यांचे निधन झाले. १९७६ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल एव्हिएशन हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला होता. २००३ मध्ये नॅशनल इन्व्हेंटर्स हॉल ऑफ फेमनेही त्यांना हा मान दिला. बिंगहॅम्टनच्या विमानतळाला त्यांचे नाव आहे. तेथील रॉबर्सन संग्रहालयात जतन केलेल्या लिंक ट्रेनरला अमेरिकन यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेने २००० मध्ये ऐतिहासिक अभियांत्रिकी वारशाचा दर्जा दिला.

वारसा : रेडिओ कंट्रोल आणि संगणकीय सिम्युलेटर

दूरवरून बिनतारी संकेतांनी यान चालवण्याचे पहिले जाहीर प्रात्यक्षिक निकोला टेस्ला यांनी १८९८ मध्ये न्यूयॉर्क येथे एका छोट्या नौकेवर दाखवले होते. १९३० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत वॉल्टर आणि विल्यम गुड या बंधूंनी रेडिओवर चालणारे छोटे विमान यशस्वीपणे उडवले. हा छंद वाढला तशी लिंक यांना १९२० मध्ये भेडसावलेली अडचण लहान प्रमाणात पुन्हा उभी राहिली. महिनोन्‌महिने खपून तयार केलेले विमान नवशिक्याच्या हातून पहिल्याच मिनिटाला कोसळे. शिवाय येथे एक वेगळीच गुंतागुंत असते. विमान दूर जात असताना त्याची उजवी बाजू चालकाच्याही उजवीकडे असते, पण ते चालकाकडे येऊ लागले की उजवी-डावी बाजू उलटते. ही उलट मनात क्षणार्धात करता येणे केवळ सरावानेच साधते.

यासाठी प्रथम दोन ट्रान्समीटर तारेने जोडण्याची सोय निघाली. एक विद्यार्थ्याच्या हाती, दुसरा प्रशिक्षकाच्या. प्रशिक्षकाने बटण सोडले की विमानाचा ताबा त्याच्याकडे परत येतो. ट्रान्समीटरच्या मागील बाजूस दिलेल्या याच खोबणीतून पुढे संगणकालाही संकेत देता येऊ लागला. या संकेतात प्रत्येक कांडीची स्थिती एका स्पंदाच्या कालावधीने दर्शवली जाते. कांडी एका टोकाला असता सुमारे १ मिलिसेकंद, मध्यभागी १.५ आणि दुसऱ्या टोकाला २ मिलिसेकंद. सर्व वाहिन्यांचे स्पंद एकामागून एक पाठवले जातात आणि ही फेरी सुमारे २० ते २२ मिलिसेकंदांत पूर्ण होते. म्हणजे हाताची ताजी स्थिती सेकंदाला पन्नासच्या आसपास वेळा संगणकाला कळते.

काही काळ ही तार संगणकाच्या मायक्रोफोनच्या खोबणीत घालण्याची युक्ती लोकप्रिय होती. संगणक स्पंदांना आवाज समजून नोंदवत असे आणि एक छोटी आज्ञावली त्यातून कांड्यांची स्थिती काढत असे. सेकंदाला ४४,१०० नोंदी या नेहमीच्या गतीने पाहिल्यास १ ते २ मिलिसेकंदांच्या टप्प्यात जेमतेम ४४ पायऱ्या मिळतात, त्यामुळे हालचाल किंचित खडबडीत वाटे. आता बहुतेक ट्रान्समीटर यूएसबी केबलने किंवा छोट्या बिनतारी डोंगलने जोडले जातात आणि संगणक त्यांना जॉयस्टिक म्हणून ओळखतो. जोडणीनंतर प्रत्येक कांडी दोन्ही टोकांपर्यंत फिरवून संगणकाला तिची मर्यादा दाखवावी लागते. कोणती वाहिनी थ्रॉटलची, कोणती रडरची हे नेमून द्यावे लागते आणि एखादी वाहिनी उलटी चालत असल्यास ती सिम्युलेटरमध्ये फिरवावी लागते. हे ट्रान्समीटरमध्येच बदलणे धोक्याचे आहे, कारण खऱ्या विमानाची जुळणी त्यामुळे बिघडू शकते. साध्या गेमपॅडने सराव करण्यापेक्षा स्वतःचा ट्रान्समीटर जोडण्याला महत्त्व आहे ते यासाठीच, की ज्या कांड्या, जो ताण आणि ज्या अंतराची सवय बोटांना लागते, तीच पुढे मैदानावर कामी येते.

महाराष्ट्रात या सरावाला हवामानाचेही कारण आहे. रायगड जिल्ह्यातील कर्जत आणि खालापूर या तालुक्यांत सह्याद्रीच्या पायथ्याशी जून ते सप्टेंबर मुसळधार पाऊस पडतो, भातखाचरे पाण्याने भरतात आणि घाटाकडून येणारे वारे अनियमित असतात. अशा महिन्यांत लहान विमान किंवा ड्रोन उडवणे बहुधा शक्य नसते. उघडीप असतानाही या खोऱ्यांत डोंगरउतारांवरील हवेचे उलटसुलट प्रवाह आणि उच्चदाबाच्या वीजवाहिन्या यांचे भान ठेवावे लागते. खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ पासून मुंबईला वीज पुरवत आले आहे. ड्रोन उडवण्यापूर्वी डिजिटल स्कायच्या नकाशावर त्या जागेचे क्षेत्र तपासणेही बंधनकारक आहे. भारतात ड्रोनचालकांच्या अधिकृत प्रशिक्षणात प्रत्यक्ष उड्डाणापूर्वी सिम्युलेटरवरील सरावाचा समावेश असतो. भातपिकावर फवारणी करणाऱ्या मोठ्या ड्रोनचे चालकही याच मार्गाने शिकतात.

संगणकाच्या पडद्यावर अंतराचा अंदाज खऱ्यासारखा येत नाही, अंगावर वारा लागत नाही आणि विमान मोडल्याचा खर्चही होत नाही. लिंक यांच्या यंत्रातही वळणाच्या वेळी शरीरावर येणारा खरा भार जाणवत नसे. लिंक यांनी आपल्या शाळेत जमिनीवरील सरावाला खऱ्या उड्डाणाची जोड कायम ठेवली होती, आणि आजच्या ड्रोन प्रशिक्षणातही सिम्युलेटरनंतर प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली मैदानावरील तास पूर्ण करावे लागतात.